मंदाताई आणि आठ टोपल्यांचा कॉम्प्युटर

सर्व संबंधितांना, म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि थेट टिटवाळ्यापर्यंतच्या तमाम सुजाण नागरिकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की कॉम्प्युटरला ओल्या बोंबलांचा वास येतो. या विधानास कुणाची हरकत असल्यास ती त्याने स्वतःजवळच ठेवावी. मी या धंद्यात तीसेक वर्षं काढली आहेत. काचेच्या थंडगार खोल्यांतून शाल पांघरून बसले आहे. पण कुठलंही नवं मशीन पहिल्यांदा सुरू होताना माझ्या नाकाला आधी खाडीचा वारा लागतो, मग ओला बोंबील, आणि मग कुठे पडद्यावर अक्षरं उमटतात.

याला जबाबदार असलेल्या बाईचं नाव मंदाकिनी नाखवा. अर्ध्या ठाण्याची मंदाताई. आता ती नाही. सत्तरीला टेकली आणि गेली, तीही दुपारी दोन ते चारच्या मध्ये, जी तिची शिकवायची वेळ होती. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी हा खटाटोप.

मंदाताईची ओळख व्हायची ती आधी तिच्या बोटांशी. ती बोलत असो की ऐकत असो, बोटं कशावर ना कशावर टाइप करत असायची. गुडघ्यावर, टेबलाच्या कडेवर, रिक्षाच्या दांड्यावर, देवळात उभी असली तर जोडलेल्या हातांवरसुद्धा. मनात येईल ते बोटांतून बाहेर पडायचं. सहा महिने तिच्याकडे टायपिंग शिकल्यावर मला त्या बोटांचं वाचन जमायला लागलं. एकदा आमच्या क्लासचा मालक अण्णा तिला म्हणाला, "मंदा, यंदा दिवाळीची सुट्टी दोनच दिवस." ती म्हणाली, "बरं, अण्णा." त्याच वेळी तिची उजव्या हाताची बोटं पदराच्या काठावर काहीतरी वेगळंच लिहीत होती. मी वाचलं. ते इथे छापण्यासारखं नाही, पण स्पेलिंग अचूक होतं.

हा क्लास ठाण्याला, स्टेशनापासून पाच मिनिटांवर, एका माडीवर होता. साल एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे. मी राहायला डोंबिवलीला. बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षी गणितानं मला आणि मी गणिताला सोडून दिलं होतं. डोंबिवलीत टायपिंगचे क्लास गल्लोगल्ली होते, पण प्रत्येक क्लासात आईच्या ओळखीची एक तरी बाई होती, म्हणून मी ठाणं गाठलं. पहिल्या दिवशी मंदाताईनं माझं नाव विचारलं, हजेरी पाहिली आणि म्हणाली, "तीन सुनीता आहेत आधीच. तू डोंबिवली." झालं. पुढची सगळी वर्षं मी तिची डोंबिवली. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारा विलास टिटवाळ्याहून यायचा, तो टिटवाळा. दूरदर्शनवरच्या बातम्या वाचाव्यात इतक्या गंभीरपणे ती म्हणायची, "टिटवाळा, पाठ ताठ. डोंबिवली, खाली बघू नकोस. डोळे मीट. बोटांना ठाऊक आहे."

हे "बोटांना ठाऊक आहे" तिचं ठरलेलं वाक्य. नवी मुलगी घाबरली की ती तिच्या मागे उभी राहायची, तिचे डोळे स्वतःच्या तळव्यांनी झाकायची आणि म्हणायची, "आता लिही." आणि खरंच, तिच्या हातांच्या त्या उबदार अंधारात अक्षरं आपापल्या जागी सापडायची. मला अजून कधी झोप लागत नसली तर मी तो अंधार आठवते.

मग एके दिवशी अण्णानं कॉम्प्युटर आणला.

आणला म्हणजे त्याची प्रतिष्ठापना केली. माडीच्या कोपऱ्यात काचेची खोली बांधली. मशीनवर मरून रंगाच्या मखमलीचं आच्छादन. खोलीबाहेर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आत सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. आम्ही टाइपरायटर बडवता बडवता काचेतून त्या झाकलेल्या उंचवट्याकडे बघत राहायचो. तो आत झोपलाय आणि कुठल्या तरी वेळी कूस बदलेल, असं वाटायचं. अण्णा माणूस वाईट नव्हता. काळाच्या पुढे राहायची त्याला फार हौस होती, इतकंच. त्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "टाइपरायटर दसऱ्याला काढून टाकायचे. पुढं सगळं कॉम्प्युटर. आणि ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे तोच मशीनसमोर बसेल. शिकणारा असो नाहीतर शिकवणारा."

शिकवणारी एकटी मंदाताई होती. दहावी पास, वय अडतीस, या माडीवर सतरा वर्षं. लग्न केलेलं नाही. घरी म्हातारी आय, जी अजून रोज टोपली घेऊन मासळीबाजारात बसायची, पण गुडघे आता ऐकत नव्हते. अण्णाचा पुतण्या पुण्याहून कसलंसं सर्टिफिकेट घेऊन नुकताच परतला होता. न बोलता सगळ्यांना सगळं समजलं. दसऱ्याच्या आत सर्टिफिकेट नाही मिळालं, तर मंदाताईची खुर्ची पुतण्याची.

तेव्हा एक सरकारमान्य परीक्षा असायची. कॉलेज नको, क्लास नको, दहावी असलं आणि घरी अभ्यास केला तरी बसता यायचं. दोन लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक. दसऱ्याआधी तिचा एकच हंगाम होता आणि केंद्र कल्याणला होतं. मंदाताईनं फॉर्म आणले तीन. "एकटीनं अभ्यास केला की माणूस स्वतःवर खूश होतो," ती म्हणाली. "चूक काढायला दुसरं कुणी पाहिजे. डोंबिवली, टिटवाळा, सही करा."

मी विचारलं, "पण ताई, मशीन?"

"मशीन आहे की."

मशीन होतं, पण सर्टिफिकेट नसलेल्याला चालू करायची परवानगी नव्हती. मंदाताईला परवानगी होती ती फक्त सकाळी पुसायची. ती क्लास उघडायची, चपला काढायची, मखमल घडी करून ठेवायची आणि मऊ फडक्यानं पडदा पुसायची. मग खुर्चीवर बसायची आणि त्या बंद, मिटल्या मशीनवर पंधरा मिनिटं टाइप करायची. आख्खाच्या आख्खा प्रोग्राम. काळ्या पडद्यात तिचाच चेहरा दिसायचा, मागे खिडकीतलं ऊन. एकदा मी लवकर आले आणि काचेबाहेर उभी राहून बघत राहिले. शेवटची ओळ संपली तेव्हा ती पडद्याकडे बघून जराशी हसली, जणू त्यानं उत्तर दिलं होतं.

बाकीचा अभ्यास तिच्या घरी, चेंदणी कोळीवाड्यात. दुपारी दोन ते चार. त्या वेळी बाजार निजलेला असतो, बायका उंबऱ्यात पाय पसरून जाळी दुरुस्त करतात नाहीतर पेंगतात, ओहोटी असली तर खाडीचं पाणी लांब गेलेलं असतं आणि चिखलावर ऊन चांदीसारखं पसरतं. तिच्या ओट्यावर आम्ही बसायचो. पुस्तक एकच, पदपथावरून घेतलेलं, मुखपृष्ठ नसलेलं. त्यात बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा होती आणि ती आम्हाला काही केल्या कळत नव्हती. आकडा मेमरीत ठेवा, म्हणे. मेमरी म्हणजे काय आणि ठेवायचं कुठे?

चौथ्या दिवशी मंदाताई उठली, आत गेली आणि आयच्या आठ टोपल्या घेऊन आली. धुतलेल्या होत्या, पण टोपली ती टोपली. ओट्यावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीला खडूनं नाव दिलं आणि प्रत्येकीत कागदाची एकेक चिठ्ठी टाकली. चिठ्ठीवर आकडा. "ही मेमरी," ती म्हणाली. "टिटवाळा, तू बेरीज-वजाबाकी. स्वतःचं डोकं लावायचं नाही. डोंबिवली, तू पुस्तकातली एकेक ओळ मोठ्यांदा वाच. दहा नंबरची ओळ, मग वीस, मग तीस. ओळ म्हणेल तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही."

आय दारात उभी. लुगड्याचा काष्टा, कपाळाला आडवं कुंकू, तोंडात मशेरी. "माझ्या टोपल्या कनाला घेतल्यास गो?"

"शिकायला, आय."

"टोपल्यांशी काय शिकाचा?"

"तू पण ये. आम्हाला निर्णय घ्यायला माणूस कमी आहे."

असा जगातला पहिला चार माणसांचा आणि आठ टोपल्यांचा कॉम्प्युटर चालू झाला. पहिला प्रोग्राम होता, सात आकड्यांतला सगळ्यांत मोठा शोधायचा. मी ओळ वाचायची, विलास चिठ्ठी उचलायचा, आयनं पहिल्या टोपलीतल्या चिठ्ठीशी ती ताडून मोठी कुठली ते सांगायचं. आयनं एक वाकडी नजर टाकली आणि पाचव्या टोपलीकडे बोट दाखवलं. "ह्यो मोठा. येवढा फिरता कनाला?"

"आय, असं सगळ्यांकडे एकदम बघायचं नाही. कॉम्प्युटरला एका वेळी दोनच दिसतात."

आयनं विचार केला. "मंग आंधळाच हाय म्हना."

"आंधळाच आहे."

"मंग असा सांग ना आधी. आंधळ्याला हात धरून न्यावा लागतो." आणि त्यानंतर म्हातारीनं एकदाही नियम मोडला नाही. डोळे अर्धे मिटून बसायची आणि दोन चिठ्ठ्यांखेरीज जगात काही नाही अशा चेहऱ्यानं निवाडा द्यायची. मी पुढे मोठमोठ्या साहेबांना प्रोग्राम समजावले, पण आंधळ्याचा हात धरण्याहून चांगली व्याख्या मला सापडली नाही.

अडचणी यायच्या. वारा सुटला की मेमरी उडायची. एकदा प्रोग्रामच्या मध्यावर आय उठली, चिठ्ठ्या झटकल्या आणि तिसरी-चौथी टोपली घेऊन बाजाराला गेली. आम्ही तिघं अर्धवट बेरीज हातात घेऊन बसलो. त्यातली एक चिठ्ठी टोपलीच्या वेतात अडकून राहिली आणि सरंग्याबरोबर एका गिऱ्हाइकाच्या घरी पोचली. चिठ्ठीवर सत्तेचाळीस. त्यानं तो मटक्याचा आकडा समजून लावला, आणि लागला म्हणतात. पुढचा आठवडाभर आयच्या समोर गर्दी. मासळी कुणाला नको, सगळे टोपलीच्या तळाशी बघतायत. आय म्हणाली, "तुमच्या त्या आंधळ्याचा धंदा बरा चालतो."

इकडे डोंबिवलीला माझ्या घरी वेगळाच तपास सुरू झाला होता. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर. आई माझी ओढणी दोन बोटांत धरून म्हणाली, "तू नक्की कॉम्प्युटरच शिकतेस ना?"

"हो."

"त्याला असा वास येतो?"

"नवीन आहे ना, म्हणून."

आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं की कॉम्प्युटरच्या तेलाला फार उग्र वास असतो. काकूंनी त्यांच्या मुलाला बँकेच्या परीक्षेला बसवलं.

त्या दुपारी आता आठवतात त्या पाण्याखाली पाहिल्यासारख्या. मंदाताई डोळे मिटून प्रोग्राम म्हणायची, अंगाई म्हणावी तशा लयीत: दहा, आकडा घे, वीस, टोपलीत ठेव, तीस, पुन्हा मागे जा. भरतीचं पाणी ओट्याखालच्या गल्लीच्या तोंडाशी यायचं आणि परत जायचं. विलास मध्येच म्हणायचा, "ताई, हे खऱ्या मशीनवर चालेल ना?" तिचं उत्तर ठरलेलं. "कागदावर चाललं ना? मग कुठंही चालेल." तिचा कागदावर फार विश्वास होता. माझाही बसला.

परीक्षेआधीच्या रविवारी अण्णानं मोठ्या मनानं आम्हा तिघांना दोन तास खरं मशीन द्यायचं कबूल केलं. आम्ही आंघोळी करून, पायांत मोजे घालून हजर झालो. अण्णानं मखमल काढली, बटण दाबलं. काही नाही. त्या दिवशी सबंध भागात वीज नव्हती, ती संध्याकाळी सातला आली. आम्ही दोन तास मशीनसमोर नुसते बसून घरी गेलो. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या दिवशी कल्याणच्या त्या शाळेत शिरेपर्यंत आमच्यापैकी एकानंही चालू कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं.

लेखी पेपर उत्तम गेले होते. टोपल्या डोळ्यांसमोर होत्या. प्रात्यक्षिकाला वीस उमेदवार, वीस मशीन, तळमजल्यावरची लांबट खोली. मंदाताई मधल्या रांगेत, मी तिच्या डाव्या हाताला, विलास तिच्या बरोब्बर मागे. परीक्षक जाड भिंगांच्या चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी नियम सांगितले: दोन तास, एक प्रोग्राम, आपापसात एक शब्द नाही. बोलणाऱ्याचा पेपर रद्द. मशीन त्यांनीच सुरू करून ठेवली होती. पडद्यावर एक छोटीशी खूण लुकलुकत होती. इतके महिने झोपलेला तो जागा झाला होता आणि आता काय म्हणता, असं विचारत होता.

प्रश्न सोपा होता. मी कागदावर प्रोग्राम लिहिला, चालवून पाहिला, चालला. मग पहिली ओळ टाइप केली. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर असतो आणि पहिली ओळ दहा नंबरची. मी ओळ लिहिली, मोठी कळ दाबली आणि पडद्यावर आलं: सिंटॅक्स एरर. म्हणजे तुमचं बोलणं मला समजत नाही.

पुन्हा लिहिली. समजत नाही. कागदाशी ताडली. शब्द बरोबर, खुणा बरोबर. पुन्हा. समजत नाही. आजूबाजूला बाकीच्यांच्या कळा टकटकत पुढे चालल्या होत्या. मी मंदाताईच्या पडद्याकडे चोरून पाहिलं. तिच्या पडद्यावर एकाखाली एक अकरा वेळा तेच: समजत नाही, समजत नाही. मागे विलासचा श्वास मला ऐकू येत होता. आम्ही तिघंच्या तिघं पहिल्याच पायरीवर अडकलो होतो. पाऊण तास गेला.

तेव्हा मंदाताईनं डोळे मिटले. हात कळांवर ठेवले आणि ओठ हलवत ती ओळ अगदी सावकाश लिहायला लागली. परीक्षक जवळ आले. हलकेच म्हणाले, "बाई, देवाचं नाव घेऊन प्रोग्राम चालत नाही." तिनं ऐकलं नाही. ती स्वतःची बोटं ऐकत होती. ओठांनी म्हणाली, "एक," आणि उजव्या हाताची अनामिका खाली गेली. थांबली. पुन्हा म्हणाली, "एक." पुन्हा तीच अनामिका. आणि तिनं डोळे उघडले.

ज्यांनी जुना इंग्रजी टाइपरायटर वापरला आहे त्यांना कळलं असेल. त्या मशीनवर एक या आकड्याची कळच नसायची. एक लिहायचा तर इंग्रजीतला लहान एल दाबायचा. कागदावर दोन्ही सारखेच उभे दिसतात. सतरा वर्षं तिनं असाच एक लिहिला होता. बंद मशीनवर रोज सकाळी असाच लिहिला होता, आणि बंद मशीन चूक काढत नाही. आम्हा दोघांनाही तिनंच शिकवला होता, डोळे झाकून. कॉम्प्युटरवर एकाची कळ वेगळी असते, वरच्या रांगेत, डाव्या टोकाला. आम्ही त्या बिचाऱ्याला दहा म्हणून सांगत होतो आणि तो एक अक्षर आणि शून्य बघून गोंधळत होता.

मी तिची डावी करंगळी उठताना पाहिली, पण तेव्हा मला उलगडा झाला नाही. वर गेली, टोकाच्या कळेवर टेकली, दाबली. मशीननं ओळ मुकाट्यानं घेतली. पुढच्या वीस मिनिटांत तिचा प्रोग्राम पुरा झाला, चालला, उत्तर पडद्यावर आलं. सतरा वर्षांची खुर्ची तिथे पडद्यावर उजळलेली होती. तिनं फक्त हात वर करून परीक्षकांना बोलवायचं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मांडीवर तिची डावी करंगळी दोनदा आपटली. मी वाचलं, मला बोटांची भाषा येत होती. पण विलास तिच्या पाठीमागे होता. त्याला तिची पाठ दिसत होती, बोटं नव्हती. तो कळा दाबायचाही थांबला होता. मी मान वळवून बघितलं तर तो दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे नुसता बघत बसला होता, डोळे भरलेले. त्या पोरानं या परीक्षेसाठी काकाच्या दुकानातली नोकरी सोडली होती.

मंदाताईची बोटं गुडघ्यावर धावायला लागली. इतक्या वेगानं की मला वाचता येईना. मग ती थांबली, आणि त्या शांत खोलीत आपल्या क्लासातल्या आवाजात, मागे न वळता म्हणाली, "टिटवाळा, एक तिथं नाही रे. वर. डाव्या करंगळीला."

खोलीतली टकटक थांबली.

"कोण बोललं?" परीक्षक म्हणाले.

ती उभी राहिली. "मी."

"नियम सांगितला होता."

"हो सर. पण त्याला चुकीचं मीच शिकवलंय. ती चूक त्याच्या नावावर कशी जाऊ देऊ?"

परीक्षकांनी तिच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे उत्तर होतं, बरोबर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळ्या खोलीला विचारलं, "आणखी कुणी काही ऐकलं?"

सगळ्यांनी माना पडद्यांत खुपसल्या. रांगेच्या टोकाचा एक पोरगा तर खिडकीबाहेर बघायला लागला.

"मग चालू ठेवा," परीक्षक म्हणाले. "बाई, मी मात्र ऐकलंय. तुमचा पेपर इथेच थांबतो."

ती गेली. पदर नीट केला, मशीनला सवयीनं हातानं जरासं पुसलं आणि गेली. आता खोटं कशाला बोलू? मी डावी करंगळी वर नेली आणि एक दाबला. मागे विलासनंही दाबला, मला ऐकू आलं.

बाहेर शाळेच्या आवारात ती बदामाच्या झाडाखाली बसली होती. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो. तिनं विचारलं, "चाललं?" मी म्हणाले, "चाललं." "मग घरी जा, उन्हाचं थांबू नका." मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर पालथे होते आणि दहाच्या दहा बोटं स्थिर. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला टाइपरायटर गेले आणि पुतण्या आला. अण्णा स्वतः कोळीवाड्यात येऊन म्हणाला, "मंदा, तू क्लास सोडू नकोस. दारात बस, प्रवेशाचे फॉर्म भरून घे." ती म्हणाली, "नको, अण्णा." बोटं पदराच्या काठावर. मी वाचलं, या वेळी दोन्हीकडे एकच मजकूर होता.

मला त्या सर्टिफिकेटवर माजिवड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर ओट्यावर आठ टोपल्या मांडलेल्या आणि भोवती सहा मुली. आय मध्यभागी डोळे अर्धे मिटून. मला बघून मंदाताई म्हणाली, "डोंबिवली, उशीर केलास. बेरजेला माणूस नाही." मी पेढे ठेवले आणि बेरीज करत बसले. मनात जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलले नाही. अजूनही नीट जमत नाही.

मी दुसरं काही केलं. पुढच्या परीक्षेआधी सलग चार रविवार तिला आमच्या ऑफिसात नेलं. रखवालदाराला सांगितलं, या मावशी, पडद्यांचं माप घ्यायला आल्यात. मंदाताई गळ्यात शिंप्याची फीत अडकवून आत शिरायची, एका खिडकीचं माप खरोखर घ्यायची आणि मग चालू मशीनसमोर बसायची. पहिल्या रविवारी तिनं नुसता एक हा आकडा दाबला. शंभर वेळा. डाव्या करंगळीनं, डोळे मिटून. पडद्यावर एकांची रांगच्या रांग उगवत गेली. चौथ्या रविवारी रखवालदार म्हणाला, "मावशी, पडदे कधी लागतात?" ती म्हणाली, "कापड मिळालं की."

परीक्षा पुन्हा कल्याणला, त्याच शाळेत, त्याच खोलीत. आयनं त्या दिवशी बाजार बुडवला. मी रजा काढली. आम्ही दोघी बाहेर, उघड्या खिडकीच्या गजांशी उभ्या. परीक्षकही तेच. त्यांनी मंदाताईला ओळखलं, पण काही बोलले नाहीत. हॉल तिकीट उलटं-सुलटं करून पाहिलं आणि तिला नेमकं पहिल्या रांगेत, स्वतःच्या टेबलासमोर बसवलं. आय कुजबुजली, "ह्यो मानूस आंधळा हाय का डोळस?" मी म्हटलं, "आज कळेल."

अर्ध्या तासात मंदाताईनं हात वर केला. परीक्षक आले. पडदा पाहिला. तिनं कागदावर केलेलं काम मागितलं, ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पानभर आठ चौकोन काढलेले होते आणि प्रत्येक ओळीनंतर कशात काय आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं.

"कुठल्या क्लासच्या तुम्ही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कुठल्याच नाही. घरी शिकले."

"आणि हे असं चौकोन मांडून? हे कुणी शिकवलं?"

"पुस्तक होतं एक. समजेना, म्हणून आम्ही चौघांनी मांडून बघितलं."

त्यांनी यादीत तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि टेबलाकडे वळले. दोन पावलं गेले, थांबले. कागद अजून त्यांच्या हातातच होता. ते तसेच उलटे फिरले आणि भर परीक्षेत, स्वतः घालून दिलेला नियम विसरून, खिडकीबाहेर आम्हा दोघींना नीट ऐकू येईल इतक्या मोठ्यांदा म्हणाले, "बाई, आमची धाकटी दहावी होऊन घरी बसलीय हो. तिला घ्याल का शिकवायला?"